गाडीवरचं जुनं रेडियम काढताय? आधी खालचा रंग कसला आहे ते बघा

सेकंडहँड ईको, ओम्नी किंवा छोटा हत्ती घेतला की गाडीबरोबर आधीच्या मालकाचा धंदाही फुकटात मिळतो. दोन्ही बाजूंना लाल रेडियममध्ये ‘लग्न, मुंज, बारशाच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील’, दारावर मोबाईल नंबर, मागच्या काचेवर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’, आणि मग सिग्नलला शेजारचा माणूस काच खाली करायला लावून विचारतो की शंभर ताटांचं काय घ्याल. मालक बदलला, आरसी बदलली, पण अक्षरं तशीच. मग एका रविवारी आपण कटर ब्लेड आणि थिनरची बाटली घेऊन बसतो, आणि इथेच वाट लागते.

रेडियम काढणं तसं अवघड काम नाहीये. अवघड आहे ते रेडियमच्या खालचा रंग वाचवणं. आणि तो वाचणार की नाही हे तुमचा हात किती हलका आहे यावर जेवढं अवलंबून असतं त्यापेक्षा जास्त तो रंग कंपनीचा आहे की गॅरेजचा यावर असतं. एकच पद्धत एका गाडीवर मस्त चालते आणि दुसऱ्या गाडीवर अख्खा पापुद्रा घेऊन येते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून हीटगन, केमिकल वगैरे सगळं नंतर, आधी रंग.

कंपनीचा रंग की गॅरेजचा

कंपनीत वरचा रंग साधारण १४० अंशांच्या ओव्हनमध्ये भाजून पक्का केलेला असतो. चांगल्या वर्कशॉपच्या बूथमध्ये तोच ६० ते ८० अंशांवर होतो, आणि नाक्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे तो उन्हात वाळतो. तिन्ही गाड्या लांबून सारख्याच चकाचक दिसतात पण थिनर लागला किंवा जोरात ओढलं की फरक कळतो. त्यात खाली पुट्टी असेल, नीट घासलेलं नसेल, प्रायमर स्वस्तातला असेल, तर रंग पत्र्याला धरून नसतोच, नुसता बसलेला असतो, आणि रेडियमचा गम त्याला पत्र्यापेक्षा घट्ट धरतो.

ओळखायचं कसं? दार उघडा आणि कडेचं रबर बीडिंग जरा बाजूला करून बघा, रंगाचे बारीक फवारे रबरावर दिसले किंवा आत मास्किंग टेपची सरळ रेघ दिसली तर ते पॅनल पुन्हा रंगवलेलं आहे. तिरप्या उजेडात शेजारशेजारची दोन पॅनल बघा, एकावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा जास्त असेल तर संशय घ्या. फ्रीजवरचं साधं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, एखाद्या ठिकाणी पकड ढिली वाटली तर खाली पुट्टी आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे चुंबक काही सांगणार नाही, आणि बंपरचा रंग कंपनीतही कमी तापमानावरच केलेला असतो, त्यामुळे बंपर कायम नाजूक समजूनच चाला.

दुसरी टेस्ट क्लिअर कोटची. मेटॅलिक रंगावर वर पारदर्शक थर असतोच, पण साध्या पांढऱ्या, लाल, निळ्या रंगाच्या जुन्या आणि कमर्शियल गाड्यांवर बऱ्याचदा तो नसतो. दाराच्या आतल्या कडेला थोडं पॉलिश लावून कापडाने घासा. गाडी पांढरी असेल तर काळं कापड घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही. कापडावर गाडीचा रंग उतरला तर वर क्लिअर कोट नाही, म्हणजे प्रत्येक घासणीला खरा रंगच झिजणार आहे. तसंच कापूस थिनरमध्ये जरासा भिजवून तिथेच कोपऱ्यात टेकवा, रंग चिकट झाला किंवा कापसावर लगेच आला तर तो साधा हवेवर वाळणारा रंग आहे आणि त्या गाडीच्या जवळपास पुन्हा थिनर न्यायचा नाही.

कंपनीच्या रंगाची एकूण जाडी प्रायमर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, क्लिअर कोट त्यातला ४०-५०. आपला एक केस ७०-८० मायक्रॉन असतो. म्हणजे सगळा खेळ दीड-दोन केसांच्या जाडीत चाललाय, हे डोक्यात ठेवलं की हातात स्टीलचं ब्लेड घ्यायची हिंमत आपोआप कमी होते.

सगळंच काढायचं नसतं

अक्षरं काढायच्या जोशात काही लोक मागची लाल आणि बाजूची पिवळी-पांढरी चमकणारी पट्टीही सोलून काढतात. पिवळ्या पाटीच्या गाडीला ती रिफ्लेक्टिव्ह टेप कायद्यानेच लागते, पासिंगला अडवतील, आणि रात्री हायवेवर मागच्याला तुम्ही दिसणार नाही ते वेगळंच. दारावर वजनाचे आकडे, मालकाचं नाव-पत्ता असं काही लिहिलेलं असेल आणि गाडी अजून धंद्यातच राहणार असेल तर आधी आरटीओत किंवा पासिंगचं काम करणाऱ्याला विचारून घ्या. पुढच्या काचेवरचा, पुढच्या-मागच्या पाट्यांबरोबर तिसरी नंबर प्लेट म्हणून येणारा स्टिकर, निळा किंवा केशरी, त्याला हात लावू नका, तो काढायला गेलं की तुकडेच होतात आणि तसाच बनवलेला आहे. फास्टॅगचंही तेच, तो काढला की फाटतो, पण आधीच्या मालकाचा असेल तर तो त्याच्याकडून बंद करून घेऊन नवीन लावावाच लागतो, तेव्हा तो फाटला तरी चालेल.

सामान

जास्त काही नाही. हेअर ड्रायर किंवा हीटगन, प्लास्टिकचं स्क्रेपर (बाद झालेलं एटीएम कार्ड फर्स्ट क्लास चालतं), गाडी धुवायचा शाम्पू, दोन-चार मायक्रोफायबर, ब्राऊन टेप, किचनमधली क्लिंग फिल्म, मिनरल टर्पेंटाइन किंवा डब्ल्यूडी-४० (गंजलेले नट-बोल्ट सोडवायचा तेलकट स्प्रे) किंवा तयार स्टिकर रिमूव्हर यातलं एक काहीतरी, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे केमिस्टकडे किंवा मोबाईल रिपेअरिंगचं सामान मिळतं तिथे मिळतं. हातात नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घाला, स्वयंपाकघरातले पातळ प्लास्टिकचे हीटगनच्या गरम हवेने वितळून चिकटतात.

हेअर ड्रायर की हीटगन, यात माझं मत सरळ आहे, पहिल्यांदा करताय तर ड्रायर. हीटगनच्या तोंडाशी कमी सेटिंगलाच ३०० अंशांच्या आसपास हवा येते आणि जास्तला ५०० च्या वर जाते, आणि आपल्याला पत्र्यावर पाहिजेत फक्त ५० ते ६०. ड्रायरने वेळ लागतो पण रंग जाळणं जवळपास अशक्य असतं. हीटगनने दोन सेकंद एका जागी थांबलात तर रंगाला फुगे येतात आणि प्लास्टिक बंपर वाकडा होतो. लाइट नसेल, गाडी रस्त्यावर असेल, तर गरम पाण्यात बुडवून पिळलेला जाड टॉवेल अक्षरांवर दाबून धरायचा, हेही चालतं, फक्त पाणी उकळतं नको आणि टॉवेल सारखा बदलावा लागतो.

पावसात उघड्यावर एक्स्टेन्शन बोर्ड ओढून हे काम करू नका. आणि नाशिक-पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळीही नको, थंडीत रेडियम काचेसारखं कडक होऊन तुटतं. त्यापेक्षा गाडी अकरा-बारापर्यंत उन्हात ठेवायची, पत्रा मस्त तापू द्यायचा, आणि मग सावलीत घेऊन सुरुवात करायची. विदर्भात एप्रिल-मेमध्ये तर ड्रायरची निम्मी गरज सूर्यच भागवतो, काळी किंवा गडद गाडी असेल तर उलट थोडी निवू द्यावी लागते.

आता काम

पहिले गाडी धुवा. हे लोक टाळतात कारण नंतर धुवायचीच आहे असं वाटतं, पण अक्षरांच्या कडेला बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळू असते आणि तुम्ही कार्डाने घासायला लागलात की तीच वाळू रंगावर ओरखडे काढते. अक्षरांच्या कडा जुन्या टूथब्रशने शाम्पू लावून साफ करा, पूर्ण कोरडं करा, एक फोटो काढून ठेवा.

सुरुवात सगळ्यात कोपऱ्यातल्या, सगळ्यात लहान अक्षरापासून. मोबाईल नंबरातला एखादा १ बरा पडतो. तो एक आकडा म्हणजे तुमची टेस्ट आहे, त्यावरून पुढचं सगळं ठरवायचं.

ड्रायर वितीभर अंतरावरून अक्षराच्या कडेपासून आत असा हलवत ठेवा. हीटगन असेल तर अंतर जास्त आणि हात एक क्षणही थांबवायचा नाही. पत्र्याला उलटा तळहात लावून बघा, गरम लागतंय पण दोन-तीन सेकंद हात ठेवता येतोय, एवढी गरमी बरोबर. हात पटकन मागे घ्यावा लागला तर जास्त झालं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर ६० च्या पुढे जाऊ नका, पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर ५० लाच थांबा.

मग नखाने कोपरा उचला. नख म्हणजे स्टील नाही, कार्ड नाही, नखच. कोपरा उचलला जात नसेल तर अजून थोडी गरमी, तरीही नसेल तर कार्डाची कड तिरपी धरून अगदी हलकी खालून सरकवा. एकदा सेंटिमीटरभर सुटलं की दोन्ही हातांच्या बोटांत पकडून त्याच अक्षराच्या अंगावर परत दुमडल्यासारखं, पत्र्याला जवळजवळ चिकटून, मागे मागे ओढत जायचं. बाहेरच्या बाजूला, म्हणजे पत्र्यापासून सरळ आपल्याकडे खेचायचं नाही. सरळ खेचलं की सगळा जोर रंगाला पत्र्यावरून उपटण्यात जातो, आणि कच्चा रंग असेल तर तो येतोच. आणि हळू. अगदी कंटाळा येईल इतकं हळू, सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर. असं ओढलं की गम रेडियमबरोबर येतो, पत्र्यावर कमी राहतो, घाई केली की रेडियम फाटतं आणि सगळा गम मागे. मध्येच कडक लागायला लागलं तर ओढणं थांबवा, सुटलेला भाग हातात धरूनच पुढच्या भागावर ड्रायर फिरवा, मग पुढे.

पहिला आकडा निघाला की उलटा करून त्याचा गम उजेडात बघा. पारदर्शक किंवा किंचित पिवळट असेल तर छान, चालू द्या. गमावर गाडीच्या रंगाचा पातळसा थर, ठिपके, काहीही दिसलं तर तिथल्या तिथे थांबा. आता ओढायची पद्धत बाद. त्या पॅनलवर पुढे फक्त केमिकलने गम सैल करायचा, ते खाली सांगतो.

मोठी अक्षरं एका दमात काढायला जाऊ नका. ‘केटरर्स’ मधल्या ‘ट’ ला गोलाई असते, वर शिरोरेघ सगळ्या अक्षरांना जोडून एकच लांब पट्टी असते, रोमन अक्षरांसारखं सुटं सुटं नसतं. शिरोरेघेच्या एका टोकापासून सुरुवात केली आणि नशीब चांगलं असेल तर अख्खा शब्द तोरणासारखा लटकत खाली येतो. पण जुनं असेल तर शिरोरेघ आधी काढा आणि मग एकेक अक्षर वरून खाली. वेलांटी, उकार, अनुस्वाराचे टिकले यांच्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण पकडायलाच काही नसतं.

तुकडे पडणारं रेडियम

बाजारातलं स्वस्त रेडियम रोलरखाली दाबून बनवलेलं असतं, त्यात प्लास्टिक मऊ ठेवायला जे तेलकट द्रव्य असतं ते उन्हाने काही वर्षांत उडून जातं, आणि मग बॉनेट-टपावरचं रेडियम तडकलेल्या चिखलासारखं होतं. चांगल्या कंपनीचं कास्ट प्रकारचं, म्हणजे दाबून नाही तर द्रव ओतून बनवलेलं रेडियम महाग असतं, पण तेच सात-आठ वर्षांनंतरही रबरासारखं निघतं. चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह अक्षरांचा त्रास वेगळा, त्यात थर असतात, वरचा थर निघतो आणि खालचा चंदेरी थर गमासकट पत्र्यावर राहतो.

अशा वेळी गरमी वाढवत नेणं हा उपाय नाही, फार गरम केलं की ते वितळून पसरतं. त्याऐवजी ओलं ठेवायचं. किचन टॉवेल स्टिकर रिमूव्हरमध्ये किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजवून अक्षरांवर चिकटवा, वरून क्लिंग फिल्म लावा म्हणजे उडणार नाही, पाच मिनिटांनी उघडून बघा, लागलं तर पुन्हा तेवढाच वेळ. द्रव तडे आणि कडांमधून आत जातो. मग कार्डाने ढकलत जा, कार्ड पत्र्याला जवळजवळ आडवं, आणि त्याची कड खडबडीत झाली की लगेच उलटी करा किंवा दुसरं घ्या. रंग कच्चा असेल तर हे केमिकलही आधी दाराच्या आतल्या बाजूला दहा मिनिटं लावून बघायचं, रंग मऊ पडतोय का, डाग पडतोय का. आणि केमिकल चालू असताना हीटगन पूर्ण बंद, प्लग काढून. टर्पेंटाइनची वाफ पेटते. हे सांगायची गरज पडू नये, पण मी लोकांना एका हातात हीटगन आणि दुसऱ्या हातात पेट्रोलचं फडकं घेऊन उभे बघितलंय.

ड्रिलला लावायचं रबरी चाक मिळतं, लोक त्याला इरेजर व्हील म्हणतात, तेही कडक रेडियमवर झकास काम करतं, खोडरबर फिरवल्यासारखं सगळं निघून जातं. पण ते फक्त कंपनीच्या रंगावर. चाकावर लिहिलेल्या आरपीएमच्या आतच फिरवा, बहुतेक ४,००० पर्यंत लिहिलेलं असतं पण घरी त्याच्या निम्म्यापेक्षा कमीवरच ठेवा. चाक एका जागी थांबू द्यायचं नाही, पत्र्याच्या घडीवर आणि दाराच्या कडेवर न्यायचंच नाही कारण तिथे रंग सगळ्यात पातळ असतो. मास्क आणि गॉगल घाला, रबराचा भुगा केसांत, कानात, शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, सगळीकडे जातो.

गम

अक्षरं गेली, आता त्याच अक्षरांच्या आकाराचा चिकट गम राहिला. ताजा मऊ गम असेल तर केमिकलच्या आधी अंगठ्याने घासून त्याच्या गोळ्या करून बघा, किंवा ब्राऊन टेप बोटांना उलटी गुंडाळून ठोकत जा, बराचसा त्यावरच येतो. राहिलेल्यावर डब्ल्यूडी-४० किंवा टर्पेंटाइन लावून दोन-तीन मिनिटं थांबा. सगळ्यांची गफलत इथे होते, लावलं की लगेच घासायला लागतात. गम फुगू द्या, मग तो पुसला जातो, घासावा लागत नाही. कापड एका दिशेने न्यायचं आणि प्रत्येक वेळी घडी बदलायची, नाहीतर इथला गम उचलून तिथे सारवत बसाल. खोबरेल तेलही चालतं, हळू चालतं, पण पुन्हा रंगवलेल्या गाडीवर मी पहिलं तेच लावेन, रात्रभर ठेवलं तरी रंगाला काही होत नाही.

गम गेला की शाम्पूने धुवा, तेलाचा थर जाऊ द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने शेवटचा हात. बोट फिरवलं की करकर आवाज आला पाहिजे, सरकलं तर अजून तेल आहे.

थिनर, ॲसिटोन, नेलपेंट रिमूव्हर, ब्रेक क्लीनर हे नाही. पेट्रोलने गम निघतो हे खरंय, गॅरेजमध्ये पोरं सर्रास करतात, पण त्याने रंग कोरडा पडतो आणि आग लागायची भीती आहेच. भांड्यांची काथ्या आणि तारेची घासणी पण नको, हिरवी स्कॉचब्राइट सुद्धा नको, ती रंगासाठी सरळ सँडपेपरच आहे.

काचेवर मात्र उलटं. मागच्या काचेच्या बाहेरून लावलेल्या ‘आशीर्वादा’वर नवं स्टीलचं ब्लेड होल्डरमध्ये घालून, भरपूर साबणाचं पाणी मारून, तिरपं धरून चालवलं तरी काच काही म्हणत नाही. फक्त रबरापाशी सांभाळा. स्टिकर आतून असेल आणि काचेत डीफॉगरच्या आडव्या तारा असतील तर ब्लेड अजिबात नाही, त्या तारा आतल्याच बाजूला छापलेल्या असतात, एक कापली गेली की ती रेघ बंद. तिथे वाफ किंवा ड्रायर आणि बोटं. आणि ड्रायरने तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

अक्षरं गेली पण दिसतात

सगळं साफ झालं, लांब जाऊन बघितलं, आणि तिरप्या उन्हात ‘ऑर्डरी स्वीकारल्या जातील’ पुन्हा वाचता येतं. घाबरू नका, रंग खराब झालेला नाही. उलट अक्षरांखालचाच रंग चांगला राहिलाय, त्याच्यावर ऊन पडलं नाही, आजूबाजूचा रंग उतरलाय. म्हणजे काम करायचंय ते अक्षरांच्या जागेवर नाही, त्यांच्या भोवती. अक्षरांवरच घासत बसलात तर चांगला रंग झिजेल आणि फरक तसाच राहील.

आधी क्ले बार, म्हणजे रंगावरचा मळ ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा, भरपूर शाम्पूचं पाणी मारून, अख्ख्या पॅनलवर फिरवा. कडांवर बसलेला मळाचा काळा कंगोरा यातच जातो आणि पांढऱ्या गाडीवर बरेचदा काम इथेच संपतं. मग पॉलिश, हाताने, फोमच्या पॅडवर, पूर्ण पॅनलवर. त्यानेही फरक दिसला तर बारीक रबिंग कंपाउंड आणि परत पॉलिश. ड्युअल ॲक्शनचं, म्हणजे पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं पॉलिश मशीन असेल तर उत्तम. नाक्यावरचा रबिंगवाला जे जड, एकाच दिशेने फिरणारं मशीन आणि लोकरीचं पॅड वापरतो ते हात बसलेल्या माणसाच्याच हातात चांगलं, नाहीतर कडेचा रंग प्रायमरपर्यंत जातो. दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर) घासायचा सल्लाही मिळेल, क्लिअर कोट नसलेल्या आणि जाडी न मोजलेल्या गाडीवर तो ऐकू नका.

लाल गाडीवर छाप सगळ्यात जिद्दी असतो, लाल रंग उन्हात फार उतरतो. दोनदा पॉलिश करूनही जरासा राहिला तर सोडून द्या. आता अख्खी गाडी ऊन खाणार आहे, काही महिन्यांत फरक थोडा कमी होतो. पॉलिशनंतर वॅक्स लावा.

एक गोष्ट मात्र पॉलिशने जात नाही. काही रेडियमवाले प्लॉटरवर (अक्षरं कापायच्या मशीनवर) कापलेली अक्षरं न लावता अख्खा तुकडा गाडीवर चिकटवून तिथेच कटरने आकार कापतात, बाजूच्या पट्ट्या तर बहुतेक अशाच कापतात. रेडियम निघालं की प्रत्येक कडेला केसासारखी रेघ दिसते. नख फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशने जाईल. अडकलं तर चीर खोल आहे, आणि तिच्यात तांबूस रंग दिसत असेल तर ब्लेड पत्र्यापर्यंत गेलं होतं आणि गंज धरलाय. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं, रेडियम चिकटलेलं असेपर्यंत कळतही नाही. अशी रेघ टूथपिकने साफ करायची, गंज खरवडून रस्ट कन्व्हर्टरचा (उरलेला गंज थोपवणारं केमिकल) थेंब द्यायचा, वाळल्यावर प्रायमर, मग टच-अपचा रंग टूथपिकच्याच टोकाने, पातळ पातळ, दोन-तीन वेळा वाळवून. ब्रशने भसकन लावलं तर रेघ लांबूनही दिसेल. ओढताना रंगाचा टवका निघाला असेल तरी हेच, त्यात उरलेल्या रंगाची कड आधी हलकी घासून उतरती करून घ्यायची. टवका तळहाताएवढा असेल तर पॅनल रंगवणंच स्वस्त पडतं.

टच-अप किंवा पॅनल रंगवून घेतलं असेल तर तिथे लगेच स्वतःच्या दुकानाचं नाव टाकू नका. ताज्या रंगातून द्रव्यं बाहेर पडत असतात, वर रेडियम बसवलं की खाली फुगे धरतात, आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर रंगही बरोबर येतो. निदान तीन-चार आठवडे थांबा, हवेवर वाळवलेला रंग असेल तर अजून जास्त. आणि लावायला जाल तेव्हा रेडियमवाल्याला आधीच सांगा की अक्षरं मशीनवर कापून आण, माझ्या गाडीवर ब्लेड काढायचं नाही.